देवधान कोणी निवडलं?

नोकरीला आठ महिने झाले होते आणि ती अजून कच्चीच होती. मध्य प्रदेशातल्या बालाघाटहून रोज सकाळच्या बसने मी वारासिवनीला जायची आणि तिथल्या मुलींच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायची. सजीवांच्या उत्क्रांतीचा पाठ निम्मा झाला असेल-नसेल, तोच मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून एक अर्ज माझ्यापुढे ठेवला. नव्या बाई वर्गात देव नाही असं शिकवतात, अशी काही पालकांची तक्रार होती. खाली लिहिलं होतं, 'यांच्या समाजात देव मानतच नाहीत.' आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी दहा वर्षांची होते. तक्रारीपेक्षा ती ओळच जास्त लागली.

"उद्या गणिताचे सर तुमच्या तासाला बसतील," बाई म्हणाल्या. "ते लिहून देतील तेच मी वर पाठवीन."

हे सर निवृत्तीला आलेले, कपाळावर गंध, पूजा केल्याशिवाय घरून न निघणारे.

घरी आई म्हणाली, "नोकरी गेली तं काय करशीन?"

बाबा म्हणाले, "वर्गात जे सांगतलं तेच उद्या सांग. त्याईच्या भेवानं कमी करू नको."

दुसऱ्या दिवशी सर मागच्या बाकावर बसले. मी देवधानाचं उदाहरण घेतलं. तळ्याकाठी आपोआप उगवणारं, उपासाला चालणारं हे धान सगळ्या मुलींना माहीत होतं. त्याचा दाणा पिकला की गळतो. कधीकाळी लोकांनी न गळणारी लोंबी निवडून पेरली, पुन्हा निवडली, आणि हळूहळू आपलं शेतातलं धान तयार झालं, असं मी सांगत होते.

सर उभे राहिले. "म्हणजे निवडणारा होताच ना, बाई? मग एवढी सृष्टी निवडणाऱ्याशिवाय कशी झाली?"

मुलींनी वळून त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"सर, तळ्यात कोणी निवडत नाही," मी म्हणाले. "तिथं ज्याचा दाणा गळून चिखलात पडतो, तेच पुढच्या वर्षी उगवतं. लोंबीला राहिलेला दाणा पाखरं खातात."

"आणि तळं? पाखरं? ती कोणी केली?"

वर्गात आम्ही हिंदीच बोलायचो, पण घाबरून तोंडून घरचंच निघालं, "ते मले माईत नाही, सर."

सर खाली बसले. खिशातून कागद काढून लिहू लागले.

मधल्या सुट्टीनंतर मुख्याध्यापिकाबाईंनी सरांचा कागद मला वाचून दाखवला. 'देव आहे की नाही, यावर या बाई एक शब्दही बोलल्या नाहीत. ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणाल्या. मला हा सिद्धांत पटलेला नाही. तक्रार मात्र खोटी आहे.'

बाईंनी बसा म्हणायच्या आधीच मी खुर्चीत बसले.

व्हरांड्यात सर भेटले. मी आभार मानायला लागले तर म्हणाले, "आभार कशाचे? पटलं नाही, हेही लिहिलंय मी. आता डोळा आपोआप कसा झाला, ते उद्या सांगा."

"सांगते, सर," म्हटलं, आणि कालपासून पहिल्यांदाच मोकळं हसले.

घरी पोचले तर आई दारातच उभी होती. "काय झालं व?"

"राह्यली नोकरी."

तिनं आत बाबांना हाक मारली. सकाळपासून दोघांनीही काही खाल्लं नव्हतं. मग आम्ही तिघं एकदमच जेवायला बसलो.