गवत कापायचं मशीन आणि तिचा उजवा हात

पिंप्राळ्यात आमच्या घरापुढे वीस फूट बाय चौदा फुटांचं लॉन आहे. ते पत्नीने लावलं. माझे थोरले भाऊ जामनेरकडे शेती करतात, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. ते पहिल्यांदा लॉन पाहायला आले आणि फाटकातच थांबले. म्हणाले, "आमचा जन्म गेला कपाशीतली हरळी खणण्यात, अन् तुम्ही तिला पाणी पाजताय!" पत्नी खूप हसली होती. दर पंधरा दिवसांनी ती उकिडवी बसून मोठ्या कात्रीने ती हरळी कापायची. तिला दोन सकाळी लागत.

मागच्या वर्षी तिचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं. उजव्या बाजूचा स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. त्या गाठी काढल्या की हातातलं पाणी नीट उतरत नाही, हात सुजू शकतो, आणि सूज एकदा मुरली की जाणं अवघड, असं आम्हाला सांगण्यात आलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला मोजमाप शिकवलं. मनगटापासून ठरावीक अंतरांवर खुणा करायच्या, दोन्ही हातांची मापं घ्यायची, फरक दोन सेंटिमीटर झाला तर लगेच दाखवायचं. त्या असंही म्हणाल्या, "कामं करू द्या त्यांना. हळूहळू वाढवा. हात जड वाटला की थांबायचं, बस." मी दोन सेंटिमीटर तेवढे लक्षात ठेवले.

दर रविवारी सकाळी मी टेप आणि वही घेऊन बसायचो. फरक चार-पाच मिलिमीटर असायचा. पावसाळ्यात एका रविवारी कोपराच्या वरच्या खुणेवर तो तेरा भरला.

"काय केलंस?"

"काही नाही."

मी पुन्हा मोजलं. तेराच. उठून खिडकीतून पाहिलं तर कुंपणाकडेची एक पट्टी स्वच्छ कापलेली होती. दुपारी तिचा डोळा लागल्यावर कात्री माळ्यावर ठेवली. तिचा हात खांद्याच्या वर जात नव्हता, हे मला माहीत होतं. म्हणूनच तिथे ठेवली. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं.

सूज आठवड्यात उतरली. घरातलं बोलणं मात्र जेवण, औषध, दूध एवढ्यावर आलं. गवत घोट्याच्या वर गेलं.

एका सकाळी ती म्हणाली, "कात्री कुठे आहे ते मला माहीत आहे. शेजारच्यांसारखी फरशी टाकून घ्या. लपवायला काही उरणारच नाही."

त्यावर मी मशीनचा विषय काढला. गवत कापायची मशीनं दोन प्रकारची मिळतात, हाताने ढकलायचं आणि विजेवरचं. नशिराबादच्या रस्त्यावर एका नर्सरीत दोन्ही होती. कापूस वेचणीत गाठोडी तोलायला आबांकडे एक लटकवायचा काटा आहे, तो मी मागवून घेतला. नर्सरीत आलटून पालटून दोन्ही मशीनांना काटा अडकवला आणि ओढून पाहिलं. नर्सरीवाला बघत होता.

"भाऊ, लॉन आम्ही फुटावर विकतो, किलोवर नाही."

मी आकडे उतरवून घेत राहिलो. हाताने ढकलायच्या मशीनला आखूड गवतात सात किलो जोर लागला, वाढलेल्या गवतात अकरा आणि सुरुवातीच्या झटक्याला पंधरा. विजेवरच्याला सगळीकडे चार. पण त्याच्या दांड्याला थरथर होती, ती काट्यावर मोजता येईना. घरी येऊन मी तक्ता केला. जोर, झटका, थरथर, वायर पायात येण्याची भीती, लाइट गेली तर. रात्रीच्या जेवणाआधी तिने तो वाचला.

"मशीन कोणासाठी घेताय?"

"लॉनसाठी."

"लॉनसाठी घेताय, मग किलो कशाला मोजलेत?"

खरं म्हणजे कोणतंही घेतलं तरी चालवणार मी, असं मनात ठरवून टाकलं होतं. ते तिला तक्त्यातच दिसलं असावं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर नर्सरीत आली. हाताचं मशीन दहा पावलं नेलं, परत आणलं. विजेवरचं तेवढंच चालवलं. मग ते बंद करून म्हणाली, "हे."

"त्याची थरथर हाताला बसते."

"बसते. पण आवाज केवढा आहे बघा! हे चालू असताना फाटकाशी कोणी थांबणार नाही."

मला कळलं नाही. तिने समजावून सांगितलं. समोरच्या घरी धुळ्याकडच्या एक अक्का राहतात. पत्नी अंगणात दिसली की त्या फाटकाशी येऊन अहिराणीत हाताची चौकशी करतात, जपायला सांगतात. "हात कसा शे आते? जपजो वं माय." माणूस प्रेमळ. पण दूधवाला, भाजीवाली, सकाळी फिरायला निघालेले सगळेच थांबतात.

"दिवसातून दहा वेळा मी 'बरा आहे' म्हणते," ती म्हणाली. "अकराव्यांदा तुम्ही टेप घेऊन येता. तोंडात तेच बसलंय, मग तुम्हालाही तेच सांगते."

तेरा मिलिमीटरच्या रविवारी ती खोटं का बोलली, हे मला तिथे, नर्सरीच्या वाफ्यांमध्ये उभं असताना कळलं. विचारण्याची माझी पद्धतच अशी होती की दुसरं उत्तर देण्याची सोय नव्हती. आम्ही विजेवरचं घेतलं.

पहिल्या सकाळी तिने डॉक्टरांनी दिलेली घट्ट बाही हातावर चढवली. मी बटणापाशी उभा राहिलो. ती म्हणाली, "तुम्ही आत जा." मी गेलो. खिडकीतून बघत राहिलो, ते मात्र सोडवलं नाही. वाढलेलं गवत होतं, ती सावकाश चालत होती. एक पट्टी, दुसरी पट्टी. अक्का फाटकाशी आल्या, काहीतरी ओरडल्या, हात हलवला आणि गेल्या. पत्नीनेही हात हलवला. डावा.

सातव्या पट्टीनंतर मशीन थांबलं. मला वाटलं लाइट गेली. पण पंखा चालू होता. ती पायरीवर येऊन बसली होती. मी बाहेर गेलो आणि काही न विचारता शेजारी बसलो.

"हात जड झालाय," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "इथे, कोपराच्या वर. उरलेलं परवा करते."

मी बरं म्हणालो आणि वायर गुंडाळली. अर्धं लॉन आखूड आणि अर्धं घोटाभर, असं दोन दिवस राहिलं. येणारे-जाणारे विचारत होते, अर्धंच का. उरलेलं गवत मी कापलं नाही.