सोनुनबूच्या घरातला भोंगा

कालिपाने आपल्या विहिणीला माफ केलं नव्हतं, आणि करायचा विचारही नव्हता. नारीनच्या खोऱ्यात सगळे म्हणत, कालिपाच्या लेकीचं, जिपाराचं मरण नशिबातच होतं. चुलीतली ठिणगी जमिनीवर अंथरलेल्या लोकरीच्या नमद्यावर पडली, नमदा आतल्या आत धुमसला आणि झोपलेली पोर धुरानेच गेली. जिपाराचा नवरा एसेन तेव्हा मेंढरं घेऊन डोंगरात. यात कोणाचा काय दोष?

दोष होता. आग विझवायला आलेल्या माणसाने कालिपाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. छताला धूर लागताच ओरडणाऱ्या भोंग्याची नुसती बैठक होती, भोंगा सापडला पेटीत, रजयांखाली, बॅटरी काढलेला. सासू सोनुनबू नजर उतरवायला आर्चाच्या सुगंधी झाडाची सुकी डहाळी पेटवून घरभर फिरवायची, की भोंगा बोंबलायचा. ज्याला हा पवित्र धूर सोसत नाही तोच सैतान, असं ठरवून बाईने त्याला पेटीत गाडलं. जळो ती अक्कल!

जिपारा गेल्याला वर्ष झाल्याचं जेवण उरकलं आणि एसेनने दुसरी बायको आणली, बेर्मेट. पडद्याआड बसलेल्या नवरीचं तोंड बघायचं तर हातावर काहीतरी ठेवावं लागतं, आणि ती भेट नवरीची. सासूने त्या भेटीला हात लावायचा नसतो. कालिपा दातओठ खात याच दिवसाची वाट बघत होती. पोर आल्या पावली माहेरी परत जावी आणि सोनुनबूच्या तोंडाला गावासमोर काळं लागावं, एवढंच तिला हवं होतं.

तिने शालीआडून दोन भोंगे काढून नवरीपुढे ठेवले.

"हे काय, मावशी?"

"धूर दिसला की ओरडतात. एक झोपायच्या खोलीत, एक बाहेर. छताच्या मध्यावर लावायचे, कोपऱ्यात नाही, चुलीच्या डोक्यावर नाही. एक ओरडला की दुसराही ओरडतो. जावईबापू, लावा बघू आत्ताच."

एसेनने मान खाली घालून लावले. मग रीतीप्रमाणे सोनुनबू धुमसती डहाळी घेऊन सुनेभोवती फिरायला आली, आणि दोन्ही भोंगे एकदम किंचाळले. पाहुण्यांच्या हातातले चहाचे वाडगे हिंदकळले.

"काढ रे ते! कान फुटले माझे!"

"काढा की, विहीणबाई," कालिपा म्हणाली. "पेटीत रजयांखाली जागा आहेच. माझ्या लेकीच्या वेळी तिथेच कोंबला होतात ना?"

"तुला कोणी सांगितलं?" सोनुनबू बोलून गेली, आणि मग तिने जीभ चावली. एसेन आईकडे बघतच राहिला.

बेर्मेटच्या आईने मुलीचा दंड धरला. "ऊठ. या घरात नाही राहायचं."

कालिपाचं काळीज निवलं. पण बेर्मेटने हात सोडवून घेतला. सासूच्या हातातली डहाळी काढून अंगणात ठेवून आली.

"नजर अंगणात उतरवायची. भोंगे छतालाच राहतील. चालू आहेत की नाहीत ते कसं बघायचं, मावशी?"

कालिपा चडफडली. वर्षभर जपलेला सूड ही कालची पोर मातीत घालत होती.

"बटण दाबायचं. आठवड्यातून एकदा," ती तुटकपणे म्हणाली. मग तिची नजर सोनुनबूवर गेली. "आणि पोरी, ते सासूच्या हातून दाबून घे."

बेर्मेटने तिचा शब्द मोडला नाही. दर शुक्रवारी सोनुनबू काठीच्या टोकाने बटण दाबते, आणि भोंग्याची किंचाळी कुंपणापलीकडे कालिपाच्या अंगणापर्यंत येते. म्हातारी नंतर तासभर रडते म्हणे. रडू दे. जिपाराला तर किंचाळायलाही मिळालं नव्हतं.