दारातला गॅसचा मारुती

आमच्या शिवारात गॅसचं स्टेशन झालं आणि घराचा भाव धाडकन पडला. स्टेशन म्हणजे तारेचं कुंपण, चार नळ्या आणि एक कंटाळलेला चौकीदार. ते बाभळींच्या आड लपत होतं. पण आमच्या दारासमोर कंपनीनं रोवलेला सिमेंटचा कमरेएवढा खुंटा कुठे लपणार? त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘सावधान, खाली गॅसची लाईन’. गिऱ्हाईक ते वाचायचं आणि अर्धा चहा टाकून उठायचं.

बाबांना घर विकून शेगावला प्रसादाचं दुकान टाकायचं होतं. धामणगावचं एक तालेवार गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर ते हवालदिल झाले.

“शेंदूर फासा न त्याले,” आई म्हणाली. “देव झाल्यावर कोन वाचते?”

बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा आईचं एका फटक्यात ऐकलं. मला तिथेच शंका यायला हवी होती. पण मी शेंदूर कालवण्यात दंग. खुंट्याला रुईची माळ घातली, नारळ फोडला. लाईन तपासायला पायी येणारा कंपनीचा माणूस सकाळी आला, बूट काढून पाया पडला आणि हळूच मला म्हणाला, “या खुंट्याचा नंबर कोनता होता बा?”

गिऱ्हाईकाला घर पसंत पडलं. निघताना ते मारुतीला वाकलं, मागे वळलं आणि थबकलं.

“देव तं सरळ चुलीकडे पाहून राह्यला. देवाच्या नजरेत संसार मांडू नये, बुवा.”

बाबांची पंचाईत झाली. खुंटा म्हणावं तर गॅस, देव म्हणावं तर ही गत. गिऱ्हाईक अकरा रुपये ठेवून गेलं. मला हसू आवरेना.

आई ओट्यावर गल्लीतल्या बायांबरोबर शेवया करत होती. तिनं मानही वर केली नाही.

“तुले हे ठाऊक होतं?” बाबांनी विचारलं.

“हाव. देवळासमोरचं घर म्हणून माह्या बापानं माहं पह्यलं स्थळ मोडलं होतं.” मग शेवयांवरचा हात थांबवून ती म्हणाली, “मले नाही जायचं शेगावले. तुमी इचारलं काय कधी?”

माझं हसू विरलं, कारण मीही कधी विचारलं नव्हतं.

शनिवारी मारुतीला तेल घालायला बाबा स्वतः गेले.