मामांनी वाचलेली सीलं

विमानतळावरच्या आमच्या मालाच्या शेडमध्ये त्यांना सगळेच मामा म्हणायचे, साहेबापासून लोडरपर्यंत. माणूस तिरसट. नमस्काराला उत्तर म्हणून नुसतं "हं". पण एकोणतीस वर्षं पाच महिने त्यांनी परदेशी विमानांचा माल एकातून दुसऱ्यात दिला आणि एक खोकं इकडचं तिकडे झालं नाही. "माल आपला नाही. आपण पाहुण्याला फक्त गाडी बदलून देतो, त्याच्या पिशवीत डोकवायचं नाही," हे ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे.

सरकारी नियमही तेच सांगतो, फक्त बावीस पानं घेऊन. एका परदेशी कंपनीचा माल दुसरीला द्यायचा तर तो विमानतळाबाहेर जाता कामा नये, सील तुटता कामा नये आणि देवाणघेवाण तिघांसमोर व्हायला हवी. देणाऱ्या कंपनीचा माणूस मालावरचं सील वाचतो, घेणाऱ्या कंपनीचा परवान्यावरच्या त्या आकड्यापुढे खूण करतो आणि कस्टमचा अधिकारी दोघांवर नजर ठेवतो. वाचणाऱ्याने हातात कागद धरायचा नाही. मामा वाचायचे, मी खुणा करायचे. अकरा वर्षं आमची जोडी.

त्या दुपारी कोंबडीची पिल्लं आली. एका दिवसाची, चार पिंजऱ्यांत मिळून साडेतीन हजार. त्यांना आणणारं विमान तीन तास उशिरा उतरलं होतं, पुढचं पन्नास मिनिटांत दार लावणार होतं आणि त्यानंतरचं थेट परवा. तोवर एकही पिल्लू जगलं नसतं. पत्र्याखाली उकडत होतं आणि चिवचिवाट इतका, की आम्हाला ओरडून बोलावं लागत होतं. कस्टमच्या बाई महिन्यापूर्वीच बदलून आलेल्या. पेन उघडून तयार उभ्या होत्या.

"पहिला. सात शून्य चार एक नऊ," मामा म्हणाले. मी खूण केली. दुसरा झाला, तिसरा झाला. "चौथा. सात शून्य चार दोन दोन." खूण केली. तेवढ्यात ट्रॉलीचं चाक अडकलं म्हणून मी वाकले, आणि चौथ्याचं सील अगदी नाकासमोर आलं. तीन एक आठ पाच सहा.

मामांचं बोट अजून त्याच सीलवर होतं.

खोटं कशाला बोलू, मला ते आधीच कळलं होतं. फेब्रुवारीत त्यांनी मुलीचा मेसेज मला वाचायला दिला. म्हणे चष्मा घरी राहिला. चष्मा नाकावर होता. मी हसले आणि वाचून दाखवला. पुढे ते रोज अर्धा तास आधी येऊन भिंगाखाली परवान्याची प्रत पाठ करताना दिसायचे, आणि मी नजर वळवायचे. तीस वर्षं भरली की मामींच्या मूत्रपिंडाचं औषधपाणी कंपनी जन्मभर बघणार होती. सातच महिने राहिले होते. पाठांतर पक्कं होतं. कागदावरचे आकडे कागदाशी जुळत होते, न जुळून जातात कुठे!

"मामा, चौथा परत वाचा."

"सात शून्य चार दोन दोन."

"नीट बघून वाचा ना."

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

बोलले तर मामांचा विमानतळाचा पास जाणार, त्याबरोबर नोकरीही. गप्प बसले तर आत काय आहे ते देवाला ठाऊक, आणि त्यावर खूण माझी. मामांनी सीलवरून अंगठा फिरवला, सावकाश, एकेक आकडा चाचपत. मग हात खाली घेतला.

"बाईसाहेब, मला दिसत नाही. तुम्हीच वाचा."

बाईंनी वाचलं. चेहरा दगडासारखा. सील जुळलं नाही तर अधिकाऱ्यासमोर उघडायचं, मोजायचं, नवं सील लावून परवान्यावर नोंदवायचं. एकतीस मिनिटं उरली होती. "कटर आणा," मामा म्हणाले. "मोजायचं तिने, मी हात लावणार नाही." मी आतली पिल्लांची खोकी मोजली. नऊ होती, नऊच हवी होती. आत एक चिठ्ठी सापडली. मधल्या विमानतळावर जनावरांच्या डॉक्टरने तपासणीसाठी पिंजरा उघडला होता, नवं सील लावलं होतं आणि कागद दुरुस्त करायचं कुणाला आठवलं नव्हतं. विमानाचं दार लागायला चार मिनिटं असताना चौथा पिंजरा वर चढला. इतका वेळ नकोसा झालेला चिवचिवाट थांबला आणि मला रडू फुटेल असं वाटलं.

नंतर ऑफिसात बाईंनी मामांचा पास टेबलावर काढून ठेवायला लावला.

"कधीपासून दिसत नाही?"

"फेब्रुवारीपासून."

"म्हणजे तेव्हापासूनचा प्रत्येक परवाना मला पुन्हा तपासावा लागणार." त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुम्हाला माहीत होतं?"

मी तोंड उघडायच्या आत मामा बोलले. "तिला काही ठाऊक नव्हतं. मी तिला फसवत होतो."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. मी खाली सही केली.