पेन्सिलीनं लिहिलेली नावं

आमची मावशी सार्वजनिक ग्रंथालयात एकतीस वर्षं होती आणि लोक तिला 'खोडरबर' म्हणायचे. तेही तोंडावर! पुस्तक नेणाऱ्याचं नाव ती कार्डावर पेन्सिलीनं लिहायची आणि पुस्तक परत आलं की खोडून टाकायची. कारण विचारलं की म्हणायची, "कुणी काय वाचलं, याची उठाठेव जगाला कशाला?" तिच्या भरवशावर कडक शिस्तीच्या नर्सबाई प्रेमकथा न्यायच्या आणि दारूचा दुकानदार व्यसनमुक्तीची पुस्तकं.

एका दुपारी ग्रंथालय समितीचे अध्यक्ष तणतणत आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "ते घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक जागेवर नाही. माझ्या सुनेनं नेलंय ना? कार्ड दाखवा."

पुस्तक बाहेर होतं, म्हणजे कार्डावर नाव होतंच. मी तिथेच वर्तमानपत्र चाळत बसले होते. मावशीनं कार्ड काढलं, शांतपणे नाव खोडलं, चुरा फुंकला आणि कोरं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं.

"पुस्तक माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

"मग उद्या दहाला या टेबलावर पाहिजे. नाहीतर पुस्तक हरवलं म्हणून तुम्हाला घरी बसवतो."

घरी मी तिच्यावर भडकले. "एक नाव सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"तिचं बिघडलं असतं. वाचून तर होऊ दे तिला."

"आणि तुझी नोकरी?"

"गेली तर रोज वाचायला जाईन. माझंही कार्ड आहे तिथं."

अशी बाई! राग आला, आणि अभिमानही वाटला.

बातमी सगळीकडे पसरली होती. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात बसायला जागा नव्हती. जन्मात पुस्तक न उघडलेलेही पानं उलटत होते. दहा वाजले. टेबल रिकामं. अध्यक्षांनी घसा खाकरला, तेवढ्यात त्यांची सून आत आली. हातात तेच पुस्तक, खुणेला मध्ये बसचं तिकीट. सासऱ्यांकडे न बघता तिनं ते टेबलावर ठेवलं.

"अर्धं राहिलंय. मुदत वाढवून द्या."

मावशीनं पेन्सिल उचलली.

"पेन्सिलीनं नको," सून म्हणाली. "पेननं लिहा माझं नाव."

मावशीकडे पेन कुठलं असायला? तिनं अध्यक्षांच्या खिशाकडे हात पुढे केला.

"जरा देता का?"