दुखवट्याचं मटण

हाड मोडल्याचा आवाज मला ओळखता येतो. सगळं आयुष्य त्यातच गेलं. बोकडाची नळी मोडते तेव्हा सुकं लाकूड फुटल्यासारखी वाजते, बरगडी ओल्या काटकीसारखी. स्वतःचं नाक मोडतं तेव्हा मात्र आवाज बाहेरून येत नाही, डोक्याच्या आतून येतो. हे मला यंदा कळलं. मस्कतच्या एका भारी हॉटेलात, शुक्रवारी भर दुपारी, पांढऱ्या टेबलक्लॉथवर. मारणारा माझा मेव्हणा, माझ्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ.

त्यानं मारलं ते बरोबर केलं. म्हणूनच लिहितोय.

मी जातीनं खाटीक आणि धंद्यानंही खाटीक. चौथीत शाळा सुटली आणि बापानं हातात सुरी दिली. सुरी वाकडी धरली की तिच्याच मुठीनं बोटांवर हाणायचा. चिपळूणकडच्या आमच्या गावात मी बोकड पाडायला शिकलो आणि ओमानला आलो तो रुसैलच्या एका मटणाच्या फॅक्टरीत. इथं जनावराच्या गळ्यावर सुरी फिरवायची ती मुसलमानानंच, आम्ही तिथं हात लावायचा नाही. आमचं काम पुढचं. सोलायचं, फोडायचं, हाडं सोडवायची. ईदच्या आधी गमबूटांत रक्त शिरायचं आणि मोजे पायाला चिकटायचे. एकदा आरीच्या मशीननं माझ्या डाव्या करंगळीचं टोक नेलं. मांसाच्या ढिगात ते कुठं गेलं कोणाला सापडलं नाही. मुकादम म्हणाला, यल्ला, चल, पट्टी बांध. मी बांधली आणि पुन्हा उभा राहिलो. बड्याचं, म्हणजे गाईबैलाचं, मांस मी टनानं कापलं असेल, तोंडात कधी घातलं नाही.

असल्या कामानं माणसाचा हात जड होतो. मला तर तो बापाकडूनच जड मिळाला होता. बायकोला मी जन्मात तीनदा मारलं. तिन्ही वेळा आमच्या तरुणपणी, पण मारलं. पहिल्या वेळी हा मेव्हणा दहा वर्षांचा होता, बहिणीला माहेरी न्यायला आला होता. त्यानं धावत येऊन माझ्या उजव्या हाताला कडकडून चावा घेतला. मी त्याला भिंतीवर फेकला तरी दात सोडले नाहीत. ते वण अजून आहेत. बायको पुढं म्हातारपणी त्यावर बोट ठेवून हसायची. म्हणायची, "तुमच्यावर सही माझ्या भावानं केलीय."

फॅक्टरीतून म्हातारा झालो म्हणून काढलं. मग अल मवालेहला भाजी मार्केटजवळ एका छोट्या दुकानात मटण कापायला लागलो, अजून तिथंच आहे. मुलाला चांगली नोकरी लागली, त्यानं अल खुवैरला फ्लॅट घेतला आणि आईला गावाहून आणली. दोन वर्षं आम्ही सगळे एकत्र राहिलो. मुलगा-सून सकाळी ऑफिसला जायची, मी दुकानात. ती एकटी घरात. इथं गाडीशिवाय कुठं जाता येत नाही, त्यामुळं ती खिडकीत बसायची आणि मी आलो की पार्किंगमध्ये दिवसभरात कोणाची गाडी कोणाला घासली ते सांगायची.

ती याच वर्षी गेली. तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की कामावर निघालो तेव्हा ती ठणठणीत होती, दुपारी जेवायला घरी आलो तर स्वयंपाकघरात पडलेली. मुलाला हेच सांगितलं, डॉक्टरला हेच, गावी हेच. तिला विमानानं गावी नेली, तेरावा तिथंच केला.

आमच्याकडं रीत आहे. तेराव्यानंतर बायकोच्या माहेरच्या माणसानं येऊन मटणाचं जेवण घालायचं. मटण त्यानं स्वतः निवडून आणायचं आणि पहिला घास त्यानंच रांडव्या, म्हणजे बायको गेलेल्या माणसाच्या तोंडात घालायचा. मग दुखवटा निघाला. तोवर खारं-तिखट, म्हणजे मटण-मासळी, खायची नाही. तिच्या माहेरी आता हा एकच भाऊ. तो रुसैललाच एका कंपनीची कामगारांची बस चालवतो, आणि त्याला बहिणीच्या मातीला जायलाही रजा मिळाली नाही. गावच्या लोकांनी सांगितलं की चुलतभाऊ घालील, चालतं. मी नको म्हटलं. म्हटलं, तोच घालील. त्यामुळं मी परत इथं येऊन पाच महिने रोज मटण कापत होतो आणि घरी वरणभात खात होतो. गिऱ्हाईक विचारायचं, चाप कोवळे आहेत का? मी म्हणायचो, आहेत.

मेव्हणा कंपनीच्या खोलीत सहाजणांत राहतो. तिथं शेगडीला पाळी. जेवण घालणार कुठं? मुलाच्या घरी घातलं तर ते माझंच घर झालं. मग मुलानं तोड काढली. एक हॉटेल आहे, तिथं दारातच काचेच्या पेटीत ताजं मटण मांडलेलं असतं. आपण बोट दाखवायचं, ते कापतात, तिथंच भाजून टेबलावर आणतात. उरलेलं कच्चं बांधूनही देतात. मामा स्वतः निवडेल, म्हणजे रीत सांभाळली जाईल. मेव्हण्याला पटलं. दोन महिने त्यानं त्यासाठी शुक्रवारची सुट्टी मागितली तेव्हा मिळाली.

नमाज सुटल्यावर आम्ही तिघं पोचलो. मेव्हण्यानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. पेटीसमोर तो बराच वेळ उभा राहिला. बड्याच्या लालभडक कापांकडं त्यानं पाहिलंच नाही. ओमानी बोकडाचा एक अख्खा फरा निवडला, म्हणजे मागची मांडी, आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "भावजी, हा आक्काला आवडला असता."

खरंच चांगला होता. चरबी पांढरी, मांसाला गुलाबी तजेला. कापणारा एक मिसरी होता, इजिप्तचा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्यानं फरा सरळ मशीनच्या आरीखाली घातला. सांधा कुठं आहे ते बघायचं नाही, नुसते दात चालवायचे. हाडाचा भुगा मांसावर उडाला. माझं डोकं फिरलं. मी काउंटरच्या फटीतून हात आत घालून फरा धरला आणि त्याला म्हणालो की गाढवा, सुरी घे, सांध्यातून सोडव. त्याला हिंदी कळत नव्हती पण शिवी कळली. त्यानं सुरी उचलून माझ्या मनगटाजवळ ठोकळ्यात खच्चून मारली, ती थरथरत उभी राहिली. म्हणाला, "बर्रा." बाहेर हो. मुलानं मला खेचलं. मेव्हणा हसत होता. म्हणाला की भावजींना उद्या यम न्यायला आला तरी ते आधी त्याची सुरी बघतील.

पाच महिन्यांत तो पहिल्यांदाच हसला होता आणि ते माझ्यामुळं. सांगून टाकावं असं वाटलं ते तेव्हा.

आम्ही टेबलावर बसलो. बाजूला लोखंडी तव्यांवर बड्याचे मोठे तुकडे चरचरत होते, लोक दातेरी सुऱ्यांनी ते फाडत होते आणि आतून तांबडं पाणी सुटत होतं. आमचं मटण आलं. लाकडी फळीवर गरम लोखंडी ताट. मेव्हण्यानं पूर्ण भाजा म्हणून तीनदा सांगितलं होतं, तरी हाडापाशी रक्त होतं. त्यानं ते कडेला केलं, चांगला भाजलेला तुकडा हातानं तोडला, पाण्याचा ग्लास सरकवला. डोळे भरले होते त्याचे. म्हणाला, "भावजी, आक्का आता सुटली. तुम्हीही सुटा." आणि घास माझ्या तोंडापाशी आणला.

वास नाकात गेला. पाच महिन्यांनी. तोंडाला पाणी सुटलं, ते खोटं कशाला सांगू. तोंड उघडलंही होतं. पण तो घास आत गेला असता तर सगळं संपलं असतं आणि त्याला कधीच कळलं नसतं.

मी त्याचं मनगट धरलं. म्हणालो, "थांब. मी निघालो तेव्हा ती ठणठणीत नव्हती."

तो काय ते समजला नाही. मग मी सांगितलं. त्या सकाळी ती मोरीच्या दाराशी उभी होती. म्हणाली, छातीत जळजळतंय, डावा हात भरून आलाय. मी म्हटलं, पित्त आहे, कोकम घे. आमच्याकडं पोटाला, छातीला, उन्हाला, सगळ्याला कोकम. मीच स्वयंपाकघरात पाण्यात कोकम चुरून तिला दिलं. तिनं घेतलं. मग माझी बाही धरली, म्हणाली आज नका जाऊ. दुकानात त्या दिवशी मोठी ऑर्डर होती, मला उशीर होत होता. मी हात झटकला. जोरात झटकला. ती फ्रीजवर आपटली आणि तशीच धरून उभी राहिली. मी दार ओढून निघून गेलो.

मेव्हण्याच्या हातातला घास खाली पडला. मग त्यानं त्याच हातानं, मटणाच्या तेलानं माखलेल्या, माझ्या थोबाडीत दिली. खुर्ची मागं गेली, मी खाली. मुलगा उडी मारून मध्ये आला, मामाचे दोन्ही हात मागून धरले. मेव्हणा ओरडत नव्हता. नुसता श्वास टाकत होता, माजलेल्या बैलासारखा. मुलगा म्हणत होता, मामा, ते म्हातारे आहेत, मामा, सोडा.

मी उठलो. राहिलेलं एवढंच होतं. मुलाला म्हणालो, "तू त्याला सोड. ती म्हणाली होती, तुला फोन लावायला. मी म्हटलं, ऑफिसात त्याला त्रास नको. लावला नाही."

मुलगा माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं मामाचे हात सोडले. झटकले नाहीत, सोडून दिले. जसं जड सामान खाली ठेवतात.

दुसरा फटका नाकावर बसला. तोच तो आवाज. तिसरा ओठावर. मग त्यानं ती लाकडी फळी उचलली, ताट घसरून फरशीवर फुटल्यासारखं वाजलं, मटण सगळीकडं उडालं. फळी माझ्या खांद्यावर बसली आणि दुसऱ्यांदा उचलली ती तशीच वर राहिली. मी हात वर केला नाही. जन्मात पहिल्यांदा कोणी मारत होतं आणि माझा हात उठला नाही. टेबलक्लॉथवर माझं रक्त बकऱ्याच्या रक्तात मिसळत होतं आणि कुठलं कोणाचं ते मलाही सांगता आलं नसतं.

मॅनेजर धावत आला. बायका पोरांना घेऊन बाहेर पळत होत्या. मॅनेजरच्या हातात फोन होता. इथं मारामारी म्हणजे पोलीस आणि पोलीस म्हणजे परतीचं विमान. मेव्हण्याला दोन मुली आहेत, मोठी नर्सिंगला आहे. मी मॅनेजरला मोडक्या हिंदीत सांगितलं की मी पडलो. फरशीवर तेल होतं, घसरलो, तोंड टेबलावर आपटलं. ह्यानं मला उचललं. मॅनेजर म्हणाला, आणि ती फळी? मी म्हटलं, ती पण पडली.

त्याला ते खरं वाटेना. त्यानं काउंटरमागच्या मिसरीकडं बघितलं. मिसरीला काचेतून सगळं दिसलं होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, सुरी फडक्याला पुसली आणि अरबीत काहीतरी म्हणाला. मॅनेजरनं फोन खिशात घातला. मुलानं मला नंतर सांगितलं की तो म्हणाला होता, म्हातारा पडला.

पार्किंगमध्ये उन्हानं डोळे फुटत होते. मी नाकाला फडकं धरून गाडीला टेकलो. मेव्हणा लांब कठड्यावर बसला होता, पांढऱ्या शर्टावर माझ्या रक्ताचे शिंतोडे. मुलगा आमच्या दोघांच्या मध्ये कुठंतरी उभा. मग मेव्हणा उठला. हॉटेलवाल्यांनी उरलेला अर्धा फरा बांधून दिला होता, ती पिशवी त्यानं आमच्या गाडीच्या टपावर ठेवली. म्हणाला, "दुखवटा निघाला नाही. राहू दे तुमच्यावर." आणि टॅक्सी शोधत रस्त्याच्या कडेनं चालायला लागला.

मुलगा गाडी चालवताना एकच म्हणाला, की बाबा, मी दहा मिनिटांवर होतो. त्याच्या ऑफिसवरून आम्ही तेव्हाच पुढं गेलो. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. सून मलमपट्टी करते. नाक डावीकडं वाकडं जुळलं.

घरी आल्यावर मी तो अर्धा फरा पिशवीतून काढला. मिसरीनं वाट लावली होती. मी माझी सुरी सळईवर घासली, सांधा मोकळा केला, हाडाचा भुगा धुतला, मांसावरचा पडदा काढला, नीट तुकडे केले. त्याच जागी उभा राहून, त्याच फ्रीजपाशी. मग फ्रीजरमध्ये ठेवला. खाल्ला नाही. सून दोनदा म्हणाली, जागा अडते, टाकू का? मी नको म्हटलं.

महिन्याभरानं दुकानात फोन आला. माझे हात रक्तानं भरलेले, मालकानं फोन माझ्या कानाला धरला. मेव्हणा होता. नमस्कार नाही, काही नाही. त्यानं विचारलं, "कोकम घेतलं होतं ना आक्कानं? पूर्ण घेतलं?"

मी म्हटलं, पूर्ण घेतलं. मीठ कमी आहे म्हणाली.

पलीकडं त्यानं बसचं इंजिन बंद केलं. मालकाचा हात दुखायला लागला असेल, पण त्यानं फोन काढला नाही.

"ते मटण टाकलंत?"

"नाही. ठेवलंय."

"राहू द्या," तो म्हणाला. "सुट्टी मागितलीय."