सर्पदंशाच्या नाटिकेतली आई

सर्पदंशाचा धडा फळ्यावर शिकवून मुलांच्या लक्षात राहत नाही, म्हणून खर्ड्याजवळच्या आमच्या शाळेत मी दरवर्षी विज्ञान दिनाला त्याची नाटिका बसवत असे. पुढे ती तालुक्याच्या स्पर्धेलाही जाई. साचा ठरलेला होता. मुलाला साप चावतो, अडाणी आई त्याला मांत्रिकाकडे नेते, लोक हसतात, शेवटी डॉक्टर तिला खडसावते. आईसाठी मी मुद्दाम गावरान बोलणारी मुलगी निवडत असे. तिच्या ‘लई’ला आणि ‘न्हाई’ला हमखास हशा येई.

त्या वर्षी मी सातवीतल्या एका मुलीला निवडले. तिचे कुटुंब ऊसतोडीला जाई आणि उन्हाळ्यात परते. या खेपेस ते जानेवारीतच परतले होते. का, हे मी विचारले नाही. पंधरा दिवस तालमीत मी तिला सांगत राहिलो, “अजून मोठ्याने रड. लोकांना हसू यायला हवं.”

पटांगणात पालक जमले. आईने पोराला मांत्रिकापुढे निजवले, तसे मागून कोणी ओरडले, “आगं मावशे, लिंबू इसारलीस का?” सगळे खदखदले. डॉक्टर झालेल्या मुलीने कमरेवर हात ठेवून विचारले, “थेट दवाखान्यात का नाही आणलंत, बाई?”

“चुकले, डॉक्टर,” हे पुढचे वाक्य. आई झालेल्या मुलीने ते म्हटलेच नाही. मी पडद्याआडून कुजबुजलो, “चुकले म्हण, बाळ.”

“कशानं आनू?” ती म्हणाली. “उसाच्या फडात गाडी न्हाई. मुकादम म्हनला, ट्रक भरू द्या, मग बघू. मांत्रिक जवळ हुता. नुसतं बसून ऱ्हायचं व्हय?”

हशा विरला. शेवटच्या रांगेतली एक बाई तोंडाला पदर लावून उठली. शेजारी उभे असलेले मुख्याध्यापक हळूच म्हणाले, “तिची आई. धाकटा मुलगा गेला, सर. फडातच साप चावला होता.”

पंधरा दिवस मी त्या पोरीला तिच्या आईची नक्कल करायला लावली होती, आणि तीही लोकांनी हसावे म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. मला पाहताच मुलीने विचारले, “सर, तालुक्याला माझं काम काढून घेनार का?”

मी तिच्या आईपुढे हात जोडले.

“करू द्या तिला,” ती म्हणाली. “पर ‘चुकले’ म्हनाया लावू नका, सर.”

तालुक्याच्या नाटिकेत ‘चुकलो’ हे वाक्य नव्याने घातलेल्या मुकादमाच्या तोंडी होते. तेव्हा कोणीही हसले नाही.